प्रफुलची नवी कामगार

आमच्या सिंदीत प्रफुलला लोक दोन कारणांनी ओळखतात. एक, तो कापसाचे व्यापारी मधुकरराव यांचा मुलगा. दुसरं, त्याच्या पोरांवर काहीही प्रसंग येवो, तो आधी फोटो काढतो.

त्याच्या थोरल्या पीयूषचं डोकं खिडकीच्या गजांत अडकलं होतं तेव्हा मी स्वतः तिथे होतो. माझं खतं-बियाण्यांचं दुकान त्यांच्या घरासमोरच आहे. पोरगं बोंबलत होतं, मयुरीवहिनी खोबरेल तेल आणायला आत धावल्या. प्रफुलनं घरातून एक फोटो घेतला. मग चप्पल घालून, घराला वळसा घालून रस्त्यावरून दुसरा घेतला, कारण चेहरा त्या बाजूला होता. डोकं शेवटी मीच तेल चोपडून सोडवलं. आता पीयूष पहिलीत गेलाय आणि चांगला तयार झालाय. पडला की आधी बापाकडे बघतो, मोबाईल खिशातून निघाला की मग भोकाड पसरतो.

प्रफुलचं म्हणणं असं की नवे कपडे घालून रांगेत उभं केलेल्या पोरांचा फोटो खोटा. खरी पोरं वरणात कोपरापर्यंत हात घालून बसलेली असतात. मी त्याची टिंगल करतो, पण मनातून मला ते पटतं. माझ्या मुलांचे लहानपणचे सगळे फोटो लग्नाकार्यातले आहेत, आणि त्यांत ती शेजाऱ्याची वाटतात. प्रफुलचा हेवा वाटतो तो एवढ्यापुरताच.

आता मधुकररावांविषयी. आसपासच्या गावांतला कापूस घ्यायचा, गोडाऊनात ढीग लावायचा आणि सरकी काढायला जिनिंगला पाठवायचा, हा त्यांचा धंदा. या धंद्यात आईबहिणीवरून दिलेली शिवी एक वेळ माणूस विसरतो, पण ‘पाणी मारतो’ म्हटलेलं विसरत नाही. ओला कापूस वजनात भरतो, म्हणून काही महाभाग ढिगावर गुपचूप नळी फिरवतात. मधुकरराव त्यातले नव्हेत. शेतकऱ्याचा कापूस मुठीत दाबून बघायचे आणि ओलसर लागला की गाडी दारातूनच परत. शेतकरी चरफडायचे. जिनिंगवाले मात्र त्यांचा माल डोळे झाकून घ्यायचे.

मोबाईलवर भाव कळवायचं काम प्रफुलकडे. रोज सकाळी तळहातावर कापूस घेऊन फोटो काढायचा आणि शेतकऱ्यांच्या ग्रुपवर भावासकट टाकायचा. पोरांचे फोटो जायचे घरच्या ग्रुपवर. पठ्ठ्यानं दोन्ही ग्रुपांना चित्र एकच लावून ठेवलं होतं: कापसाच्या ढिगावर बसलेली दोन पोरं.

गेल्या जानेवारीतल्या एका सकाळी चार वर्षांच्या अंकितानं आजोबांना तुळशीला पाणी घालताना पाहिलं. कापूसही झाडालाच येतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं रंगाचा रिकामा डबा भरून घेतला आणि गोडाऊनात जाऊन ढिगाला पाणी घालायला लागली. प्रफुल तिथेच होता. दुसरा कोणी असता तर पोरीच्या हातचा डबा हिसकावून घेतला असता. यानं फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘आमची नवी कामगार. रोज येते, पाणी मारते. मजुरी दोन बिस्किटं.’ पाठवला, मोबाईल चार्जिंगला लावला आणि आंघोळीला गेला.

फोटो शेतकऱ्यांच्या ग्रुपवर गेला होता.

तो डोकं पुसत बाहेर आला तोवर अख्खा तालुका जागा झाला होता. ‘आमच्या कापसाले ओला म्हणते अन् घरी लेकराच्या हातानं पाणी मारते,’ असं एकानं लिहिलं. ‘दोन बिस्किटांत मजूर भेटला, नशीबवान हाय,’ असं दुसऱ्यानं. प्रफुलनं फोटो पुसून टाकला, त्यानं तर लोकांची खात्रीच पटली.

तासाभरात जिनिंगचे भैय्याजी दारात हजर. त्या दिवशी त्यांची गाडी भरायची होती. मागोमाग पाच-सहा शेतकरी आले, आणि मी दुकान उघडं टाकून गेलो. अशा वेळी दुकानात कोण बसतं?

मधुकरराव खुर्चीवर बसले होते. त्यांचा चेहरा पाहून माझी गंमत जिरली. भैय्याजींनी माल नाकारला असता तर दुसऱ्या कुठल्या जिनिंगनं तो घेतला नसता, आणि या म्हाताऱ्यानं बाजारात पुन्हा तोंड दाखवलं नसतं.

“मी लोकायच्या गाड्या दारातून वापस केल्या, प्रफुल,” ते म्हणाले. “आता इथं बसू कसा मी?”

भैय्याजींनी पिशवीतून ओलावा मोजायचं मशीन काढलं. “मधुकरराव, तुमच्या मालाले मी हे कधी लावलं नाई. आज लावतो.”

ढिगात सगळीकडे टोचून पाहिलं. कापूस कोरडा होता. शेवटच्या कोपऱ्यात मात्र आकडा एकदम वर चढला.

“फोटोत तं एकच डबा दिसते,” भैय्याजी म्हणाले. “इथं चांगलंच मुरलं हाय.” मग ते वहिनींच्या कडेवरच्या अंकितासमोर जाऊन उभे राहिले. “बाई, पाणी तूनं टाकलं का वं?”

“हो.”

“किती डबे?”

अंकितानं दोन्ही हातांची सगळी बोटं दाखवली.

“कोणं सांगतलं टाकाले?”

“पप्पानं. पप्पा म्हणे, अजून एकदा टाक.”

मधुकररावांनी डोळे मिटून घेतले. प्रफुल पांढरा पडला होता.

“अहो, तो व्हिडिओ दाखवा,” मयुरीवहिनी म्हणाल्या.

“तो नाई,” प्रफुल पुटपुटला.

“दाखवा म्हणते ना. चोर म्हणून घ्याल, पण तो नाई दाखवणार?”

फोटो काढताना त्याच्या अंगठ्यानं चुकून व्हिडिओ सुरू झाला होता, आणि वहिनींनी तो नंतर मोबाईलमध्ये पाहिला होता. भैय्याजींनी मोबाईल हातात घेतला आणि आवाज मोठा केला. आम्ही सगळे वाकून बघू लागलो.

व्हिडिओत प्रफुलचा आवाज होता. “अंकू, असं नाई, डबा वर धर. ऊन मांगून येऊन राह्यलं, इकडून टाक. हाललीस तू. जाय, अजून एक डबा आण. अजून एकदा टाक.”

“पप्पा, कापूस बुडून राह्यला.”

“बुडू दे. तू हास.”

एवढ्यात वहिनींचा आवाज आला, “अहो, मामाजीचा कापूस हाय तो. पोरीच्या हातचा डबा घ्या ना आधी.” मग गोडाऊनचे पत्रे दिसले आणि व्हिडिओ संपला.

भैय्याजींनी तो पुन्हा लावला. दुसऱ्यांदा ‘बुडू दे, तू हास’ ऐकून एक शेतकरी तोंडावर गमछा दाबून बाहेर पळाला, आणि मग कोणालाच आवरेना. एकटे मधुकरराव हसले नाहीत. चष्मा नव्हता, म्हणून मोबाईल हातभर लांब धरून त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं.

“भैय्याजी,” ते म्हणाले, “माहा पोरगा चोर नाई. येडा हाय.”

त्यांचे डोळे भरून आले होते. मुलाविषयी त्यांना इतक्या अभिमानानं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

कोपऱ्यातला कापूस बाजूला काढून उन्हात पसरला आणि गाडी भरली. तो व्हिडिओ ग्रुपवर टाकायला मधुकररावांनीच लावलं. प्रफुलनं हातापाया पडून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. एवढ्यावर त्यांचं भागलं नाही. आता व्हिडिओ त्यांच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये आहे. नवा शेतकरी आला की ते त्याला बसवतात, चहा सांगतात, आधी व्हिडिओ लावतात आणि मग भाव बोलतात. प्रफुल शेजारी खाली मान घालून वजन करत असतो आणि दिवसातून कितीदा तरी स्वतःचा आवाज ऐकत असतो.

परवा एक शेतकरी व्हिडिओ पाहून त्यांच्या दारातून निघाला आणि बियाण्याची चौकशी करायला माझ्याकडे आला. कापूस कुठे दिला, मी विचारलं.

“इथंच,” तो म्हणाला. “ज्याले चार वर्साच्या पोरीच्या हातचा डबा घेता येत नाई, तो आपल्याले काय फसवते?”

यंदा सिंदीत सगळ्यात जास्त कापूस त्यांच्याकडेच आला.