जुम्मेरातचं दार

हव्वाबी चाचींचं पुढचं दार दर गुरुवारी संध्याकाळची, मगरिबची अजान झाली की सताड उघडं असतं. गुरुवारला त्या जुम्मेरात म्हणतात. वारलेली माणसं जुम्मेरातला आपल्या दाराशी येतात, दार बंद दिसलं तर हिरमुसून परत जातात, असं त्यांना त्यांच्या सासूने सांगितलं होतं. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, क्लासमध्ये गणित शिकवते, आणि असल्या गोष्टींनी माझं डोकं फिरतं. चाचींचे नवरे रहीमचाचा येतात की नाही ते मला ठाऊक नाही. पनवेलचे डास मात्र न चुकता येतात आणि जिना चढून माझ्याकडेही येतात.

रहीमचाचा कुवेतच्या बंदरात क्रेन चालवायचे. उभा जन्म तिकडेच गेला. दोन वर्षांतून एकदा सुट्टी मिळायची, पण कधी कळवून आले नाहीत. संध्याकाळी गल्लीत टॅक्सी थांबायची, चाचा दारात उभे राहून नुसते खाकरायचे आणि चाची हातातलं काम टाकून धावायच्या. बेल त्यांनी कधी दाबली नाही. शेवटी कायमचं परत यायचं ठरलं, बॅगा भरून झाल्या, आणि तिकडेच त्यांना झटका आला. दफनही तिकडेच झालं. मुलगा शहजाद तिथेच नोकरीला होता, त्याने माती दिली. चाचींना चेहरासुद्धा बघायला मिळाला नाही.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एका घरी चोरी झाली. शहजादने आईला फोनवर निक्षून सांगितलं, एक तर अलार्म बसव, नाहीतर घराला कुलूप लावून रोडपालीला अल्फियाकडे राहायला जा. अल्फिया त्याची बहीण.

"रोडपालीला कशी जाऊ?" चाची मला म्हणाल्या. "अल्फियाचा फ्लॅट तुज्या चाचांनी बघितलेला नाय. ते कुठं शोधत फिरतील?"

मग ठरलं, अलार्मच बसवायचा. "कंपनीवाले येतील तवा माझ्यासंगत बस," चाची म्हणाल्या. "तू शिकलेली हायस."

पहिला वाशीहून आला. दारांना सेन्सर, हॉलमध्ये हालचाल पकडणारा यंत्राचा डोळा, छपराखाली भोंगा, आणि सगळ्याची खबर थेट शहजादच्या फोनवर, असं त्याने धडाधड सांगितलं. चाचींचा एकच प्रश्न होता. "जुम्मेरातला मगरिबच्या वक्ताला दार उघडं ठेवलं तर वाजणार नाय ना?"

"मॅडम, दार उघडंच ठेवायचं तर अलार्म कशाला?" तो म्हणाला. प्रश्न रास्त होता. चाचींनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

दुसरा पुण्याच्या मोठ्या कंपनीचा. त्यांचा कॅमेरा म्हणे चेहरे ओळखतो, घरच्या माणसाला अडवत नाही. चाचींचा चेहरा एकदम उजळला. आत जाऊन त्यांनी रहीमचाचांचा पासपोर्टचा फोटो आणला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"हे कुठे असतात?" त्याने विचारलं.

"कुवेतला."

"आणि इकडे कधी येतात?"

"दर जुम्मेरातला."

"दर आठवड्याला? कुवेतहून?"

चाचींनी मान डोलावली. तो माझ्याकडे बघायला लागला. शेवटी मीच सांगितलं, की ते वारले आहेत. त्याने फोटो दोन्ही हातांनी उचलून परत दिला, ऑफिसला विचारून कळवतो म्हणाला, आणि चहाला न थांबता गेला. मला हसू येत होतं. चाचींकडे बघितलं आणि ते तिथेच विरलं. "यांना पण नाय चालत," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोटो पदराने पुसत बसल्या.

तिसरा आनंदा. मूळचा उरणच्या कोळीवाड्यातला, करंजाड्याला एक गाळा घेऊन धंदा करायचा. चाचींनी आता सरळच सांगून टाकलं, की जुम्मेरातला घरधनी येतात. मी मनात म्हटलं, झालं, हाही पळणार.

आनंदाने हातातला चहा खाली ठेवला. "कुठल्या दारानं येतात?"

"पुढच्या," चाची म्हणाल्या. "मागचं दार त्यांना कदी आवडलं नाय."

"मग पुढलं दार आन् हॉल जुम्मेरातच्या संध्याकाळला गप ठेवतो. वाजणार नाय. शहजादभाईंच्या फोनवर तेवढं दिसंल. चालंल ना?"

चाचींनी तिथल्या तिथे हो म्हटलं. तो गेल्यावर मी त्यांना म्हटलं, त्याची कंपनी किती जुनी आहे तेही विचारलं नाहीत तुम्ही. त्या म्हणाल्या, "विचारायचं होतं ते त्यानंच विचारलं."

पहिल्याच जुम्मेरातला कुवेतहून फोन आला. शहजाद इतका तापला होता, की फोनमधून त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अम्मी, चोरांसाठी दार उघडं ठेवतेस? अब्बा इथे आहेत. मी माझ्या हातांनी माती दिलीय."

"तू बघितलंस," चाची शांतपणे म्हणाल्या. "मी कुठं बघितलंय?"

त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. मला वाटलं, त्याने नाद सोडला.

परवा चाची अल्फियाबरोबर डोळे दाखवायला गेल्या, आणि डॉक्टरांनी लगेच दुसऱ्या दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरवलं. चाची रोडपालीलाच राहिल्या. दुसरा दिवस गुरुवार होता हे त्या गडबडीत कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्या तर नाहीच. संध्याकाळी अजान होऊन गेली आणि माझा फोन वाजला. शहजाद.

"ताई," तो म्हणाला. आवाज अगदी खाली होता, कामावरून बाजूला येऊन बोलत असावा. "आज दार बंदच दिसतंय."

"चाची रोडपालीला आहेत ना."

"माहितेय," तो म्हणाला. "तुमच्याकडे चावी आहे. जरा उघडता का?"

मी खाली गेले. कुलूप काढलं, दोन्ही झडपा भिंतीला टेकवल्या. अंधारलेल्या हॉलमध्ये पाऊल टाकायचा मला धीर झाला नाही, खरं सांगते. बाहेरच्या पायरीवर बसले. फोन तसाच कानाला होता. त्यानेही फोन ठेवला नाही. दर जुम्मेरातला हा तिकडे फोन हातात धरून असाच बसत असणार, हे मला तेव्हा कळलं.

"ताई, तुम्ही हॉलमध्ये आहात का?" त्याने विचारलं.

"नाही. बाहेर पायरीवर बसलेय."

"कुणी आत गेलं?"

"कुणी नाही. का रे?"

"हॉलमध्ये हालचाल दाखवतंय."

मी मागे वळून बघितलं नाही. पाल असेल, पडदा असेल, असं मी स्वतःलाच सांगितलं. तिकडून शहजादचा श्वास ऐकू येत होता. मग लहान मुलाच्या आवाजात तो म्हणाला, "अस्सलामु अलैकुम, अब्बा. अम्मी अल्फियाकडे आहे. पुढच्या जुम्मेरातला असेल."

मी पायरीवर जरा बाजूला सरकून बसले, जायची वाट मोकळी ठेवली.