वैजूताई आणि मधली जागा

फोन सकाळी आला. मी चहा गाळत होते. पलीकडे संपतराव, वैजूताईचे थोरले भाऊ. "बाई, वैजी गेली," एवढंच म्हणाले. मागे कुणाच्या तरी रडण्याचा आवाज. कराडहून मलकापूर ते किती लांब, पण रिक्षात बसून तिच्या दारात पोचेपर्यंत माझा फोन सारखा वाजत राहिला, आणि प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला. आवाज खाली आणून, जरा थांबून, "तसं काही केलं का हो तिनं?" सुरुवातीला मी नीट उत्तरं दिली. नंतर माझा तोल गेला. आता ज्यांनी विचारलं आणि ज्यांनी मनातल्या मनात विचारलं, त्या सगळ्यांना इथे एकदाच सांगते. वैजयंता हृदयविकाराने गेली. पहाटे छातीत दुखू लागलं, भावाने गाडी काढली, दवाखाना येण्याआधीच सगळं संपलं. तुमच्या-माझ्या घरात माणसं जातात तशीच गेली. पण एकदा का माणसाला 'डोक्याचं' म्हटलं की त्याच्या साध्या मरणावरही कुणी विश्वास ठेवत नाही, याचा मला त्या दिवशी फार संताप आला. तो अजून उतरलेला नाही.

आमची ओळख साडीच्या फॉलवरून झाली. शाळेतून निवृत्त होऊन मी घरी बसले होते. मलकापुरात तिचं पिको-फॉलचं दुकान होतं, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. मी साडी द्यायला गेले, तर मशीन चालवता चालवता तिने माझी उलटतपासणीच घेतली. कुठल्या शाळेत होता, काय शिकवायचा, आता काय करता? काही नाही म्हटल्यावर तिने सुई थांबवली. म्हणाली, मग आमचे अर्ज लिहा की. मानसिक आजार असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा तिचा एक गट होता. महिन्यातून एकदा कराडात एका ओळखीच्या सभागृहात जमायचे. मी एक अर्ज लिहायला म्हणून गेले आणि तिथेच राहिले. साडीचा फॉल मात्र तिने महिनाभर लावून दिला नाही.

तिची स्वतःची गोष्ट ती कुणापासून लपवत नसे, पण रडून सांगायचीही नाही. कडेगाव तालुक्यातल्या एका गावात तिला दिलं होतं. घरचा ऊस, घरची विहीर, सगळं चांगलं. दुसऱ्यांदा मूल पोटातच गेलं आणि तिची झोप उडाली. मग बडबड, मग भांडणं, मग घरातून निघून जाणं. आधी देव झाले, बाहेरचे उतारे झाले, मग खोलीला कडी लागली. शेवटी एक दिवस तिला जीपमध्ये घालून नेलं. या भागात अशा माणसाला न्यायची एक ठरलेली रीत आहे. मागच्या सीटवर त्याला मधे बसवायचं आणि दोन्ही बाजूंना दोन दणकट गडी. कुणी शिकवावी लागत नाही, सगळ्यांना माहीत असते. तिच्या एका बाजूला दीर होता, दुसऱ्या बाजूला चुलत सासरा. सुनेने ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्या दोन पुरुषांच्या मांड्यांमध्ये तिला दाबून बसवलं होतं. पुढे तिला इंजेक्शनं दिली, विजेचे झटके दिले, त्यातलं पुष्कळसं ती विसरली. ती मधली जागा विसरली नाही. संपतराव तेव्हा फौजेत, काश्मिरात. रजेवर आले तसे थेट तिच्या सासरी गेले आणि तिला मलकापूरला घेऊन आले. पुन्हा तिकडे कुणी गेलं नाही, तिकडून कुणी आलं नाही.

औषधांनी ती सावरली. आणि सावरल्यावर लोक जे करतात, म्हणजे झाकून टाकतात, ते तिने केलं नाही. दिव्यांगांचा नवा कायदा येणार, त्यात मानसिक आजाराच्या माणसांनाही जास्त हक्क मिळणार, मानसिक आरोग्याचा वेगळा कायदा येणार, असं कळल्यापासून ती त्याच्या मागे लागली. पुण्याच्या बैठकांना जायची, आमदारांच्या दारात बसायची. कायदे झाले. ती म्हणायची, कायदा दिल्लीतनं निघालाय खरा, पण लाल डब्यानं येतोय, दर फाट्याला थांबतोय. ते खरंच होतं. रुग्णाला मनाविरुद्ध दवाखान्यात ठेवलं तर त्याने दाद कुठे मागायची, त्यासाठी मंडळ हवं, ते कागदावर होतं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आमची माणसं साताऱ्याला हेलपाटे घालत होती. कडेगावची माणसं तर दुहेरी पेचात. उपचार कराडात, जिल्हा सांगली. सातारा म्हणे सांगलीला जा, सांगली म्हणे उपचार घेताय तिथून कागद आणा. मी चिडायचे. ती पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवायची आणि पुढच्या टेबलाकडे चालू लागायची.

नव्या कायद्यातली एक गोष्ट तिला सगळ्यात मोलाची वाटे. माणूस बरा असतानाच लिहून ठेवू शकतो, की उद्या मी आजारी पडलो तर माझ्याशी कसं वागा, कसं वागू नका, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. आमच्या एका बैठकीत तिने उभं राहून स्वतःचं सांगितलं. मला बांधायचं नाही. खोलीला कडी लावायची नाही. मला काय होतंय ते आधी मला विचारायचं. आणि गाडीत मला खिडकीशी बसवायचं, मधे नाही. लोक जरा हसले. मग ती म्हणाली, माझ्या वतीने आण्णा नाही, बाई बोलतील. बाई म्हणजे मी. तिचे आण्णा, संपतराव, पहिल्या रांगेत होते. ज्या माणसाने तिला परत आणलं, उभं केलं, त्यालाच बाजूला केलं होतं. त्यांनी मान खाली घातली. ती त्यांच्याकडे बघूनच बोलली.

"आण्णा माझ्यावर लय माया करतो. म्हणून त्याला लय भ्या वाटतं. भ्यालेला माणूस दार लावतो."

घरी जाताना भाऊ-बहीण एका शब्दाने बोलले नाहीत, असं तिनेच मला नंतर सांगितलं.

आणि मग ती वेळ आलीच. साताऱ्याला मोठ्या अधिकाऱ्यांसमोर आमचं म्हणणं मांडायचं ठरलं होतं. बोलणार होती वैजूताईच. किती दिवसांची खटपट त्यामागे होती. आणि ऐन त्याच सुमाराला तिची झोप उडाली. आधी दुकानाचं सामान पुन्हा पुन्हा मांडणं, मग एकामागून एक फोन, मग बोलणं इतकं भरभर की शब्द एकमेकांवर चढायचे. गल्लीत कुजबुज सुरू झाली. एका संध्याकाळी ती हमरस्त्यावर गाड्यांच्या मधून चालत गेली. दुसऱ्या दिवशी संपतरावांच्या ओसरीवर फौजेतले दोघे दणकट जुने सोबती येऊन बसलेले मी पाहिले. मला कळलं ते कशाला आलेत. मी संपतरावांना म्हटलं, यांना परत पाठवा. ते म्हणाले, बाई, ती गाडीखाली आली तर तुमचा कायदा तिला उठवून आणणार का? ती आत होती आणि सगळं ऐकत होती. मी आत गेले, तिला विचारलं. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. म्हणाली, झोप पायजे मला, न्या, पण ठरलंय तसं न्या. सोबत्यांना चहा देऊन संपतरावांनी वाटेला लावलं.

मिरजेच्या दवाखान्यात जायचं होतं. संपतराव गाडी चालवत होते, मागे आम्ही दोघी, ती खिडकीशी. उसाचे दिवस होते, रस्त्यावर ट्रॉल्यांच्या रांगा. ती सलग बोलत होती, आणि बोलता बोलता मधेच गप्प व्हायची. ते गप्प होणं मला जास्त भीतिदायक वाटायचं. पेठ नाका यायच्या आधी ती म्हणाली, थांबवा, मला उतरायचंय. संपतराव म्हणाले, फुडं थांबू. तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी वेग वाढवला. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, थांबू नये. पण मी शब्द दिला होता. मी म्हटलं, संपतराव, थांबवा गाडी. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी विसरणार नाही. मग गाडी कडेला घेतली. तिने दाराचा खटका ओढला. दार उघडेना. पुन्हा ओढला... लहान मुलांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून मागच्या दाराला एक बारीक कळ असते, ती लावली की दार आतून उघडत नाही. निघताना संपतरावांनी ती लावून ठेवली होती. मला माहीत नव्हतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिने खटक्यावरचा हात काढला, पदर आवरला, आणि सरकत सरकत माझ्या शेजारी, मधल्या जागेवर येऊन बसली. दोन्ही हात मांडीवर.

"बसले मधी. न्या आता."

संपतराव स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसले होते. मग ते उतरले, मागून फिरून तिच्या बाजूला आले, बाहेरून दार उघडलं, आणि तिला दिसेल असं, गाडीच्या किल्लीचं टोक खुपसून ती कळ फिरवली. दार लावून घेतलं. काचेवर बोट ठेवून म्हणाले, वैजे, आतनं उगड बगू. ती बसून राहिली. शेजारून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर गाडी हलत होती. ते पुन्हा म्हणाले. फौजेत आयुष्य काढलेला माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून बहिणीची विनवणी करत होता. बऱ्याच वेळाने ती हलली, खिडकीकडे सरकली, आणि दार उघडून उतरली. उसाच्या बांधाकडे चालत गेली. संपतराव एक पाऊल पुढे झाले आणि थांबले. मीही थांबले. ती बांधावर बसली, आमच्याकडे पाठ करून. एकीकडे ती, एकीकडे धावता रस्ता, आणि आम्ही दोघं काहीही न करता उभे. इतकी अवघड गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही. मग ती उठली, साडीची माती झटकली, येऊन आपल्या जागेवर बसली. दवाखान्याच्या पायऱ्या ती स्वतः चढली.

साताऱ्याची बैठक लांबणीवर पडली, त्यामुळे ती बरी होऊन तिथे बोलू शकली. तिने कलमं सांगितली नाहीत, जीप सांगितली. एका अधिकाऱ्यांनी चष्मा काढून ठेवला, तो पुन्हा घातला नाही. पुढे प्रमाणपत्रं द्यायचा ठरावीक दिवस कराडात सुरू झाला. मंडळाचं विचारलं की 'वर पाठवलंय' हे उत्तर अजूनही मिळतं. म्हणजे ती गेली तेव्हा काम अर्ध्यावरच होतं, आणि आता कोण करणार, हा प्रश्न तिच्या दिवसकार्याला आम्ही सगळ्यांनीच एकमेकांच्या तोंडाकडे बघून विचारला.

तिचा फोन संपतरावांनी बंद केला नाही. मागच्या आठवड्यात त्यावर कडेगावकडच्या एका वस्तीवरून फोन आला. एक वडील विचारत होते, ताई, परत कवा येताय? त्यांचा इंजिनीअर झालेला मुलगा खोलीत बंद होता. मृत्यूच्या थोडे दिवस आधी वैजूताई एकटीच एस.टी.ने तिथे जाऊन आली होती, आम्हाला कळलंही नव्हतं. संपतराव मला म्हणाले, चला. आम्ही गेलो. वडिलांना बातमी सांगितली, ते गोठ्याशी उभे राहून डोळे पुसत राहिले. मग चहाचं बघतो म्हणाले आणि खिशातून किल्ली काढून संपतरावांपुढे धरली, उघडा, बघा त्याला. ताई आत गेल्याच नाहीत, म्हणाले, दुपारभर दाराबाहेर बसून राहिल्या, काय बोलल्या देव जाणे.

संपतरावांनी किल्ली घेतली नाही. पत्र्याच्या दारापाशी गेले, चपला काढल्या.

"मी संपत, मलकापूरचा. आत येऊ का?"

आत काही हललं. मग आवाज आला, "नगं."

वडील ओशाळले. त्याचं काय ऐकताय, तो असंच म्हणतो, असं काहीसं पुटपुटले. संपतराव मागे वळले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली, बरं म्हणाले, आणि दाराशेजारी भिंतीला टेकून खाली बसले. मीही पदर खोचून जमिनीवर बसले. ऊन सरकत होतं. वडील किल्ली हातात घेऊन तसेच उभे. किती वेळ गेला कोण जाणे... मग आतून पुन्हा तोच आवाज आला, पण जरा जवळून.

"ती ताई न्हाई आली?"

"गेली रं ती," संपतराव म्हणाले. "मी तिचा भाऊ."

आतून पत्र्याला पाठ टेकल्याचा आवाज झाला.

"बसा मग."

आम्ही बसलो. जरा वेळाने, किल्ली हातात तशीच धरून, वडीलही येऊन बसले.