कुंपणापर्यंत आलेली बाई

हिल्मा नीमी शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली तेव्हा गावातल्या दोन पिढ्यांच्या आवडीनिवडी तिला पाठ होत्या. कोणाच्या बापाला लहानपणी वाटाणे चालत नव्हते, हेसुद्धा ती सांगायची. स्वतःबद्दल मात्र चकार शब्द नाही. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या या काठावरचे आम्ही फिनिश लोक तसेही मोजकं बोलतो, आणि हिल्मा आमच्यातही घुमी म्हणून ओळखली जायची. इथे हिवाळा सहा महिन्यांचा असतो, घुमं राहायला भरपूर वेळ मिळतो.

निवृत्तीनंतर तिला वाचनाचं वेड लागलं. तेही कसलं, तर जुन्या काळातल्या निर्दय बायकांच्या कादंबऱ्यांचं. दिराला तुरुंगात धाडणाऱ्या, नवऱ्याच्या पेल्यात काहीतरी मिसळणाऱ्या, कोणाच्या बापाला न घाबरणाऱ्या बायका. ग्रंथालयातली नोरीन असं पुस्तक आलं की हिल्मासाठी बाजूला काढून ठेवायची आणि विचारायची, "काय हिल्मा, या महिन्यात किती मुडदे हवेत?"

"दोन पुरेत," हिल्मा म्हणायची. "पण बाई शेवटपर्यंत जगली पाहिजे."

नोरीन हसायची. हसता हसता तिला थोडं वाईटही वाटायचं, कारण हिल्माची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती.

चाळीस वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका सकाळी, हिल्माने आपल्या सात वर्षांच्या मुलीचा, किर्स्टीचा, डबा भरला, तिला शाळेच्या बसमध्ये बसवलं आणि दुपारच्या गाडीने ती एकटीच डलुथ शहरी निघून गेली. नवरा मारकुटा नव्हता. पिणाराही नव्हता. खाणीतून यायचा, जेवायचा, झोपायचा. आठवड्यातून दहा शब्द बोलायचा, त्यातले चार मिठाबद्दल. घर सासूच्या ताब्यात होतं. अशा घरांत कितीतरी बायका राहिल्या, म्हाताऱ्या झाल्या, मेल्या. हिल्माला राहवलं नाही, एवढंच. मार खाऊन पळाली असती तर गावाने तिला केव्हाच माफ केलं असतं. पण पाठीवर वळ नव्हते, म्हणून ती लेकरू टाकून गेलेली बाई ठरली.

गावाला ठाऊक होतं ते एवढंच. पाच महिन्यांनी, एप्रिलात, हिल्मा परत आली होती, हे गावाला कधी कळलं नाही. कुंपणाशी अजून कमरेइतका बर्फ होता. सासू अंगणात दोरीवर चटया टाकून झोडपत होती. तिने हात न थांबवता सांगितलं, "पोरीचं रडणं आत्ता कुठे थांबलंय. पुन्हा सुरू करायचंय का तुला?" हिल्माचा हात फाटकाच्या कडीवर होता. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली आणि कडी न काढता मागे फिरली.

पुढे डलुथच्या एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिने अकरा वर्षं बटाटे सोलले. नवरा वारल्यावर गावात परत आली, तेव्हा किर्स्टी अठराची होती आणि शिकायला बाहेर निघाली होती. दफनाच्या दिवशी आईला बघून पोरीने हात पुढे केला, परक्या माणसाशी हात मिळवतात तसा. सासू आदल्याच वर्षी गेली होती. त्या एप्रिलबद्दल किर्स्टीला सांगणारं आता कोणी नव्हतं, आणि हिल्माच्या तोंडून ते निघत नव्हतं. पत्र लिहायला बसली की पहिल्या ओळीपाशीच पेन अडायचं. सांगायला गेलं तर सासूवर ढकलल्यासारखं होतं, आणि सासू तर मेलेली.

मागच्या शरदात किर्स्टी गावी राहायला आली. मार्केट नावाच्या शहरात डायलिसिसच्या केंद्रात तिला नोकरी होती, रोज चाळीस मैल जायचं, चाळीस यायचं. वागायला सोन्यासारखी. आईच्या दारातला बर्फ काढायची, गाडीचे टायर बदलून द्यायची, दर रविवारी फोन करायची. आईला हाक मात्र नावाने मारायची. "हिल्मा, औषध घेतलंस का?" असं. कोणी परकं ऐकेल त्याला ती शेजारची पोर वाटावी.

नोरीनने आग्रह केला म्हणून किर्स्टी पुस्तकमंडळात आली. हे मंडळ म्हणजे अकरा बायका. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी साडेदहाला, ग्रंथालयाच्या तळघरात जमायचं. बूट दाराशी काढून सगळ्या लोकरी मोज्यांवर बसायच्या. नियम दोनच. पुस्तक संपलं की प्रत्येकीने एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: या बाईला घरी जेवायला बोलवाल का? आणि जिने पुस्तक निवडलं तिने सगळ्यात शेवटी बोलायचं, तोवर ब्र काढायचा नाही.

एप्रिलची पाळी हिल्माची होती. तिने ब्रिटाची गोष्ट निवडली. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका थंड बंदरातली ही मिठाच्या व्यापाऱ्याची विधवा. दिराला खोट्या आरोपात अडकवते, दुष्काळात धान्याची कोठारं कुलूपबंद ठेवते, आणि पोटची मुलगी आपल्या सासरी टाकून जहाजांचा ताफा हातात घेते. पाचशे चाळीस पानांचं पुस्तक. हिल्माला त्यातलं एकच प्रकरण हवं होतं, सव्विसावं. त्यात ब्रिटा मुलीसाठी परत येते, वाड्याच्या भिंतीपर्यंत पोचते आणि आत न जाता फिरते. हे किर्स्टीने वाचावं. वाचताना तिला काहीतरी कळावं. स्वतः सांगायची हिंमत नव्हती म्हणून परक्या बाईच्या तोंडून सांगायचा हा उद्योग. भित्र्या माणसाचाच उद्योग म्हणायचा, पण हिल्माकडे दुसरा नव्हता.

दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातून पुस्तकांची पिशवी आली तेव्हा तिच्यात दहाच प्रती निघाल्या. किर्स्टी म्हणाली, "मला नको, मी गाडीत ऐकेन." हिल्मानेच कपाटातून ध्वनिपुस्तकाच्या तबकड्यांचा डबा शोधून तिच्या हातात दिला. डब्यावर ब्रिटाचं चित्र होतं, तेवढं तिने बघितलं. एवढं जाडजूड पुस्तक सहा तबकड्यांत कसं मावलं, हा प्रश्न तिला पडला नाही. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं तिने वाचलं नाही.

मंगळवारी हिल्माने नीसू भाजून आणला, वेलची घातलेला गोड पाव. तो कापून होतो न होतो तोच डोलोरेस पेलेटिये सुरू झाली. डोलोरेसने पोस्टात तीस वर्षं काढलेली, गावातलं प्रत्येक पत्र तिच्या हातून गेलेलं, त्यामुळे माणसांबद्दल तिची मतं ठाम होती.

"ही बाई माझ्या टेबलाशी? चमचे लपवून ठेवावे लागतील. दुष्काळात कोठारं बंद करते, अगं, माणसं मेली की दारात."

"हेच पुरुषाने केलं असतं तर चौकात पुतळा उभारला असता त्याचा," ग्वेन ट्रेवार्थन म्हणाली. ती शाळेत इतिहास शिकवायची.

"उभारला असता ना. मी रोज जाऊन कबुतरांना दाणे टाकले असते, चांगली वर बसावीत म्हणून."

सगळ्या हसल्या. ग्वेनही हसली, पण मागे हटली नाही. "मला आवडते ती. कोणाच्या दारात उभी राहून परवानगी मागत नाही. मी चौतीस वर्षं मुख्याध्यापकांकडे परवानगी मागितली, खडूच्या पेटीसाठीसुद्धा."

"म्हणून काय दिराला तुरुंगात घालशील?"

"दीर नव्हता मला. नाहीतर सांगता येत नाही."

नोरीन म्हणाली, "माझं ऐकाल तर, मला ती मुळीच आवडत नाही. पण ती पानावर नसली की मी पानं चाळायला लागते. यात दोष तिचा की माझा, ते तुम्हीच ठरवा."

मग बोलता बोलता डोलोरेसचं गाडं सुटलं. "हे बघ, खून एकवेळ मी पचवीन. पण पोटची पोर टाकून गेली ना, तिथे माझ्या मनातून उतरली ती. तिथून पुढे मी तिच्या मरणाची वाट बघत होते."

दहा बायका नीसूच्या तुकड्यांकडे बघायला लागल्या. डोलोरेस कानापर्यंत लाल झाली. "म्हणजे, त्या काळात म्हणते मी," ती पुटपुटली, आणि ते आणखीच वाईट झालं. हिल्माने नियमाप्रमाणे तोंड मिटून ठेवलं आणि सगळ्यांच्या कपांत कॉफी ओतली. तिचा हात स्थिर होता. चाळीस वर्षांची सवय होती त्याला.

"मी बोलू?" किर्स्टी म्हणाली.

हिल्माने कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"मी बोलावीन तिला जेवायला," किर्स्टी म्हणाली. तिने आईकडे बघितलं नाही, पण आवाज मऊ होता. "मला वाटलं होतं, फार राग येईल. ऐकताना गाडी थांबवावी लागेल. पण नाही आला. गेली ती गेली. नंतर मुलीचा छळ मांडला नाही. येणार नाही हे एकदा पक्कं झालं की मूल जेवायला लागतं, गणितं सोडवायला लागतं. ब्रिटाने तेवढी दया केली तिच्यावर. मला ते पटलं."

हिल्माची पोर तिच्यासारख्या बाईला आपल्या टेबलाशी बसवायला तयार होती, सगळ्यांच्या देखत. इतकं तर तिने स्वप्नातही मागितलं नव्हतं. तिथे तिने गप्प बसायला हवं होतं. सगळा जन्म नको तिथे गप्प बसलेली ही बाई, बसायला हवं होतं तिथेच नेमकी बोलली. तिला वाटलं, मुलगी इतकी जवळ आली आहे, आता आणखी एक पाऊल. मी आले होते, हे तिला कळू दे.

"ती परत आली होती," हिल्मा म्हणाली. पाळी शेवटचीच होती, नियम मोडला नव्हता. "सव्विसाव्या प्रकरणात. मुलीसाठी आली होती ब्रिटा."

"माझ्या तबकड्यांत नव्हतं असं काही," किर्स्टी म्हणाली.

नोरीनने तबकड्यांचा डबा उलटासुलटा करून बघितला. "अगं, ही संक्षिप्त आवृत्ती आहे. अर्धं पुस्तक गाळलंय मेल्यांनी."

हिल्माने आपली प्रत उघडून लेकीपुढे सरकवली. पान शोधावं लागलं नाही, पुस्तक तिथेच उघडायचं. किर्स्टी वाचू लागली. पाच पानं होती. बाकीच्या बायकांनी हवामानाच्या गप्पा काढल्या. हिल्मा लेकीचा चेहरा बघत होती, शाळेत पहिल्यांदा जेवायला आलेलं पोर ताटातलं खातंय की नाही हे बघावं तशी.

किर्स्टीने पुस्तक मिटलं. "मग माझं मत बदलते मी," ती म्हणाली. "नाही बोलावणार."

"हे बरं झालं," डोलोरेस म्हणाली, आणि सगळ्यांनी सुटल्यासारखं हसून घेतलं.

बायका गेल्यावर हिल्मा मोरीपाशी कप विसळत राहिली. किर्स्टी पुसायला थांबली. दोन-तीन कप झाल्यावर हिल्माने पाठमोरीच विचारलं, "तुला ते प्रकरण का आवडलं नाही?"

"कारण ती भिंतीपर्यंत आली."

"आत जायची हिंमत झाली नाही तिला. सासूने सांगितलं..."

"हिल्मा." किर्स्टीने कप खाली ठेवला. "मी वरच्या खिडकीत होते. तुझा हिरवा कोट दिसला मला. मी मोजे शोधत बसले, अनवाणी खाली गेलं की आजी ओरडायची ना. खाली आले तर रस्त्यावर कोणी नव्हतं."

हिल्माने नळ बंद केला. "तुला ठाऊक होतं?"

"आजीलाही मी कधी सांगितलं नाही."

"मला तरी सांगायचंस गं. इतक्या वर्षांत, एकदा तरी."

"काय सांगू?" किर्स्टीचा आवाज चढला नाही. चढला असता तर हिल्माला सोपं गेलं असतं. "त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, तू आजारी असशील. कुठेतरी लांब, गाडीच मिळत नसेल. वर्गात मी सगळ्यांना तसंच सांगायचे, बर्फ वितळला की माझी आई येणार आहे. त्या दिवशी कळलं, तुला येता येत होतं."

चाळीस वर्षं रोज स्वतःशी भांडताना, सगळं हरत आलं की हिल्मा एवढं एकच म्हणायची: मी आले होते. डलुथच्या खोलीत, शाळेच्या चुलीपाशी, त्या सगळ्या निर्दय बायकांची पुस्तकं मिटताना. तिच्या बाजूचं म्हणावं असं तेवढंच होतं तिच्याजवळ. आणि तिच्या पोरीला नेमकं तेच लागलं होतं.

किर्स्टीने उरलेले कप पुसून फळीवर लावले, बूट चढवले, अंगात जाकीट घातलं. दारात थांबून तिने नेहमीसारखंच विचारलं, "गाडीपर्यंत सोडू का तुला? पायऱ्यांवर बर्फ आहे."

"नको," हिल्मा म्हणाली. "तू हो पुढे. मी येते."

किर्स्टीने मान हलवली आणि ती पायऱ्या चढून गेली.