राजिवड्यापर्यंतची फेरी

पुण्याच्या लेकीने परस्पर माझं नाव घातलं. रविवारी सकाळी रत्नागिरीच्या जुन्या वस्त्यांमधून पायी फेरी, बरोबर माहिती सांगणारा गाइड. सारा जन्म इथे गेला आणि आता म्हातारपणी मला माझंच गाव दाखवणार! पण गेलो. घरात भिंतींशी बोलून कंटाळलो होतो.

बायकोला जाऊन दोन वर्षं झाली. लोक चांगले आहेत. येतात, चहा घेतात, मोहोर, गुडघे, गटारं, सगळ्यावर बोलतात. फक्त तिचा विषय काढत नाहीत, मला त्रास होईल म्हणून. लेकसुद्धा फोनवर आईचं काही निघालं की घाईघाईने "जेवलात का" विचारते. या भल्या माणसांचा मला कधीकधी भयंकर राग येतो.

थिबा पॅलेस पाहून झाला. ब्रह्मदेशचा राजा इथे नजरकैदेत कसा राहिला, ते गाइडने रंगवून सांगितलं. मुंबईचे पाहुणे हळहळले. मीही हळहळलो, जरा जास्तच. मग खाडीकडे उतरून राजिवड्यात आलो. गाइड मशिदीबद्दल, अरबांशी चालणाऱ्या जुन्या व्यापाराबद्दल बोलत होता. एवढ्यात समोरच्या खिडकीतली शिलाई मशीन थांबली.

"ओ, तुमी स्कूटरवाले ना? भायरूनच हॉर्न मारनारे?"

बायको ब्लाऊज शिवायला राजिवड्यात टाकते, एवढंच मला ठाऊक होतं. मी कधी स्कूटरवरून उतरलो नाही. ती शिवणारी बाई ओढणी सावरत दारात आली.

"बाय कशी हाय? लय दिवस आली नाय."

तिला उत्तराची घाई नव्हतीच.

"ती आली का माझं काम ऱ्हातं बाजूला. गळा मोठा ठेव म्हनते, मग तुमी बोलाल म्हनून परत लहान कर म्हनते. आनि हसते किती! मेलं हसू आवरतच नाय तिला."

घरात ती इतकी हसत असे का? मला आठवेना. गाइडने हाक मारली, तेव्हा त्याला पुढे व्हायला सांगितलं आणि दारातल्या स्टुलावर बसलो.

खरं सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर हीसुद्धा चुकचुकली असती, आणि मग इतरांसारखीच गप्प झाली असती.

"बरी आहे," मी म्हटलं. "आणखी काय काय बोलते ती?"