मामा, जरा चुका की!

दारात स्टूल टाकून सव्वीस वर्षं बसलो. कपाटाची किल्ली माझ्याकडं, घंटा माझ्याकडं, फॉर्मांचा गठ्ठाही माझ्याकडं. किस्से मात्र मी कधी मागितले नाहीत. येणारे-जाणारेच ते माझ्याजवळ सोडून गेले, पावसाळ्यात छत्र्या विसरतात तसे. छत्र्या न्यायला लोक परत यायचे. किस्से न्यायला कुणी आलं नाही!

मी चौथी पास. पण नोकरी केली ती कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात, शिपाई म्हणून. सत्तर सालाच्या पुढची ही गोष्ट. एम.ए.ला जागा बारा. अर्ज द्यायचे, घ्यायचे आणि इंटरव्ह्यूला नाव पुकारून आत सोडायचं, हे माझं काम. पोरं मला दत्तूमामा म्हणायची. विभागाचे मोठे सर नुसतं दत्तू म्हणायचे.

*

एकदा जोतिबाच्या डोंगरावरचे एक नारळवाले मुलासाठी फॉर्म न्यायला आले. कपाळाला गुलाल, हातात पिशवी. मोठे सर दारातच उभे होते.

"हितं मन वळखाय शिकवत्यात न्हवं? मग आदी माज्या मनात काय हाय त्ये सांगा. मगच फॉर्म घेतो!"

सरांनी त्यांच्याकडं नीट बघितलं. म्हणाले, "पोरगं हे शिकून पोट कसं भरणार, हे आहे तुमच्या मनात."

नारळवाले दोन पावलं मागं सरले. "आयला! खरंच की!" म्हणाले आणि माझ्याकडं वळले, "दोन फॉर्म द्या. धाकटाबी हाय!"

*

फॉर्मात एक रकाना होता, 'हा विषय का निवडला?' त्यात पोरं काय काय लिहायची! कुणाला मानवजातीची सेवा करायची असायची, कुणाला लहानपणापासून ओढ असायची. सर ते वाचायचे आणि जांभई द्यायचे.

पेठ वडगावच्या एका पोरानं एकच ओळ लिहिली : 'बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या.'

सर एवढे हसले की चष्मा काढून पुसला. "दत्तू, या गठ्ठ्यात हा एकटा खरं बोललाय. याला बोलव!"

त्याला प्रवेश मिळाला. पुढं तो पहिला आला. 'का आलास?' असं कुणी विचारलं की अजून तेच उत्तर देतो!

*

आता माझ्या शिक्षणाविषयी सांगतो.

या विषयाच्या प्रॅक्टिकलला एक माणूस लागतो. त्याच्यावर प्रयोग करायचा. त्याला सब्जेक्ट म्हणतात. ज्याला सब्जेक्ट मिळायचा नाही, तो स्टुलाकडं यायचा. "मामा, चला की!" मी जायचो. नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

एका प्रयोगात लाकडी पाटावर वाट कोरलेली असे. डोळ्यांवर पट्टी बांधायची, हातात काडी द्यायची आणि त्यानं चाचपडत बाहेर पडायचं. आडवाटेला शिरलं की एक चूक. असं दहा वेळा. दर फेरीला चुका कमी व्हायला पाहिजेत. मग कागदावर ग्राफ काढायचा. जोतिबाच्या पायऱ्या उतराव्यात तशी रेघ खाली आली, की मार्क!

पहिल्या वर्षी मी भरपूर चुकलो. दुसऱ्या वर्षी थोडा. तिसऱ्या वर्षी पाट माझ्यापुढं ठेवला आणि मी पहिल्याच फेरीत सरळ बाहेर! एकही चूक नाही. परत केलं, तरी नाही. प्रयोग करणारी पोरगी रडकुंडीला आली.

"मामा, असं काय करताय? माझा ग्राफच येईना! जरा चुका की!"

मग मी चुकायला शिकलो. पहिल्या फेरीत बारा, दुसरीत नऊ, मग सात, मग पाच. कुणाच्या लक्षातही यायचं नाही, इतकं बेतानं. पोरं एकमेकांना सांगायची, "मामांना घे, ग्राफ झकास येतो!" माझ्या चुकांवर किती जण पास झाले, याचा हिशेब मी ठेवला नाही.

*

मलकापूरचे गुरुजी पहिल्यांदा आले तेव्हा चाळिशीचे होते. धोतर, टोपी, काखेत छत्री. प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि बाहेरून बी.ए. झाले होते. मी म्हटलं, "पावणं, पोरगं कुठं हाय? त्याचीच सही लागती."

"मीच पोरगं!" गुरुजी म्हणाले.

इंटरव्ह्यूला आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. तोंड उतरलेलं.

"काय झालं हो, गुरुजी?"

"तीन सर बसलं होतं. मधलं खिडकीतनं भाईर बघत होतं. माज्या तोंडातनं सवयीनं गेलं, 'ए, लक्ष हिकडं!'"

मधले म्हणजे मोठे सर!

*

दुसऱ्या वर्षी गुरुजी सगळं इंग्रजीत पाठ करून आले. एस.टी.त बसल्यापासून ओठ हलत होते म्हणे. आत गेले. मी पाण्याचे पेले घेऊन मागोमाग गेलो, म्हणून हे कानांनी ऐकलं. सरांनी इंग्रजीत विचारलं, "चहा घेणार?"

गुरुजींनी डोळे मिटले आणि व्यक्तिमत्त्वाची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली!

त्याही वर्षी यादीत नाव नव्हतं. फलकापुढं बराच वेळ उभे राहिले. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "गुरुजी, या वयात कशाला हा ताप?"

ते हळू आवाजात म्हणाले, "माज्या वर्गात एक पोरगी हाय, मामा. घरात पोपटागत बोलती, शाळंत एक शब्द न्हाय. पाटीवर गणित बरोबर सोडवती आणि मी जवळ गेलो की पुसून मुद्दाम चुकीचं लिवती. समदी म्हंत्यात मंद हाय, नाव काढून टाका. मंद न्हाय ती. पण असं का करती, त्ये मला कळत न्हाय. कळल्याबगार तिला हात कसा देऊ?"

मग म्हणाले, "शिकायची परवानगी शाळंकडनं आता एकदाच मिळंल. फुडच्या साली न्हाई जमलं तर संपलं."

*

तिसरं वर्ष. सरांनी नवीनच काढलं. इंटरव्ह्यूआधी प्रत्येकानं तिघा सरांसमोर एक प्रयोग करून दाखवायचा. प्रयोग पाटाचा. सब्जेक्ट मी!

सकाळपासून सात जण झाले. सगळ्यांना मी मापात चुकून दिलं. सातही ग्राफ एकाला झाकावा नि दुसरा काढावा, असे.

आठवे गुरुजी. पट्टी बांधली ती गाठीत केस अडकू नयेत म्हणून जपून. मी मनाशी ठरवलं, आजवर कुणाला दिला नाही असा ग्राफ यांना द्यायचा. पहिली फेरी, बारा. दुसरी, नऊ. तिसरी, सात. चौथ्या फेरीला माझ्या हातावर त्यांचा हात आला.

"मामा, थांबा." मग कानाशी म्हणाले, "तुमाला वाट येतीया."

"गुरुजी, गप ऱ्हावा," मी पुटपुटलो. "आखरीची बारी हाय तुमची. ग्राफ काढा आन् द्या."

टाकाचा आवाज तेवढा आला. मग खुर्ची सरकली आणि कागद सरांच्या टेबलावर गेला.

सरांनी मोठ्यानं वाचलं, "सब्जेक्टला वाट पाठ आहे. माझं भलं व्हावं म्हणून तो चुकत आहे. या चुकांचा ग्राफ मला काढता येत नाही."



"दत्तू, खरं का हे?"

"व्हय, सर."

"या सातांनाही असंच दिलंस?"

"व्हय, सर. समद्यांनाच."

सर उठून माझ्यापाशी आले, ते पावलांवरून कळलं. पट्टी घट्ट आहे का ते चाचपून बघितलं. काडी माझ्या हातात दिली. स्टॉपवॉच टिचकन वाजलं. "कर."

मी केलं. एका दमात, कुठंही आडवाटेला न शिरता.

"परत."

परत तसंच.

स्टॉपवॉच टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. सर म्हणाले, "गुरुजी, सकाळपासून आम्ही तिघं इथं बसलोय. आम्हाला कळलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"माज्या वर्गात एक पोरगी हाय, सर," गुरुजी म्हणाले.

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बसा. नाव काय तिचं? सगळं सांगा, अगदी पहिल्या दिवसापासून. आणि मराठीतच सांगा. दत्तू, चहा आण. बाहेरच्यांना म्हणावं, वेळ लागेल."

पट्टी सोडायची आठवण कुणालाच झाली नाही. मला तरी कुठं होती! मी तसाच उठलो, टेबलाला वळसा घातला, कपाट चुकवलं आणि थेट दारात जाऊन उभा राहिलो. एकही चूक नाही!