डाव्या बुटाचा तळ

बाबा मला बुटाने मारायचे तेव्हा शक्यतो उजवा बूट घ्यायचे. बोलिंगच्या बुटांचे दोन्ही तळ सारखे नसतात. लाकडी पट्टीवरून जड चेंडू सोडून टोकाच्या पिना पाडायच्या, तो हा खेळ. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा पाय शेवटच्या पावलाला घसरत पुढे जायला हवा, म्हणून डाव्या बुटाला मऊ, लव असलेलं कातडं असतं. उजव्या पायाने जमीन धरून ठेवायची, म्हणून त्याला खरबरीत रबर. कातडं नाजूक, रबराला काही होत नसे. त्या रबराची नक्षी माझ्या दंडावर उमटायची आणि आई तिच्यावर खोबरेल तेल चोळायची.

बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात टर्नर होते. वरणगावहून बदली झाली आणि आम्ही चेन्नईला आलो, आवडी नावाच्या उपनगरातल्या क्वार्टर्समध्ये. मी शाळेत होते. कारखान्यातल्या लोकांची कुटुंबासकट एका मॉलमध्ये सहल निघाली होती. तिथे मी गंमत म्हणून चेंडू टाकला आणि तिथला प्रशिक्षक बाबांना म्हणाला की मुलीचा हात सरळ आहे. एवढंच. बाबा तरुणपणी कबड्डी खेळायचे. दुसऱ्या खेळाडूचं नाक फोडल्यामुळे त्यांना संघातून काढून टाकलं होतं. त्या दिवशी घरी परतताना लोकलमध्ये ते माझा उजवा हात मांडीवर घेऊन बसले होते, जणू तो त्यांचाच होता.

दर शनिवार-रविवार आम्ही सरावाला त्या मॉलमध्ये जायचो, सेंट्रल स्टेशनपर्यंत गाडीने आणि तिथून बसने. एका मोठ्या खेळाडूचे वापरलेले बूट त्यांनी मला मिळवून दिले. चेन्नईच्या दमट हवेत डाव्या बुटाचं कातडं लवकर मरतं. त्याची लव बसते, तळ चिकट होतो, आणि मग पाय घसरायचं सोडून जागच्या जागी अडकतो. तारेच्या ब्रशने लव उठवावी लागते. थेंबभर पाणी लागलं तरी बूट त्या दिवसापुरता गेला. एकदा मी बूट घालून बाथरूममध्ये गेले, तळ ओला झाला आणि माझा खेळ बिघडला. परत येताना बसस्टॉपवर, माणसांनी भरलेल्या बसस्टॉपवर, बाबांनी मला कानफटात मारली. चष्मा उडून रस्त्यावर पडला आणि त्यावरून रिक्षा गेली. एका बाईंनी फक्त आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं.

कातडं अंगठ्याखाली झिजून पातळ झालं तेव्हा बाबांनी बूट स्टेशनजवळच्या चांभाराकडे दिले. त्याने असले बूट कधी पाहिले नव्हते. मजबूत व्हावेत म्हणून त्याने दोन्ही बुटांना एकसारखं जाड रबर ठोकून दिलं. बाबांनी ते पाहिलं आणि त्याची पेटी लाथेने उलटी केली. खिळे, दोरे, आऱ्या सगळं फुटपाथवर सांडलं. त्याची कॉलर धरून ते त्याला भिंतीवर आपटायला लागले तेव्हा शेजारचे फळवाले आणि रिक्षावाले धावून आले आणि त्यांनी बाबांना चांगलंच बडवलं. मी बूट छातीशी धरून उभी होते. बाबा फुटलेल्या ओठाने घरी आले. तोंड धुतलं, आईला चहा टाकायला सांगितला, आणि चहा होईपर्यंत मला मारलं, कारण तळ झिजवला होता मी.

त्यानंतर तळ बदलायचं काम घरी सुरू झालं. पेरियमेटच्या चामड्याच्या बाजारातून ते कातड्याचा तुकडा आणायचे. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, जुना तळ आईच्या हेअर ड्रायरने गरम करायचा आणि पकडीने ओढून काढायचा. मग खाली राहिलेला गोंद पॉलिशपेपरने घासायचा, दोन्हीकडे चिकटवायचं सोल्यूशन लावायचं, ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग दाबून हातोडीने ठोकायचं आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचं. काम ते छान करायचे, हे मला मान्य करावंच लागेल. पण ते खाली बसले की आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि मला जवळ बसावं लागायचं. पकड दे म्हटलं की पकड, ब्रश म्हटलं की ब्रश. चुकीची वस्तू दिली तर तीच वस्तू बोटांवर बसायची. त्या सोल्यूशनचा वास आला की मी आजही आधी बोटं मिटून घेते.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना एक मोठी स्पर्धा आली. आदल्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की डाव्या बुटाचा तळ पुढच्या कडेने सुटायला लागला आहे. बाबांनी घाईघाईने कड उचलून खाली सोल्यूशन भरलं आणि लगेच दाबलं. हवेत पावसाची ओल होती. मी म्हणाले की हे वाळणार नाही, उद्या मी तिथलेच भाड्याचे बूट घालून खेळते. त्यांनी हाताशी पडलेला तारेचा ब्रश माझ्या पाठीत मारला. तारेचे दात झग्यातून आत घुसले. सकाळी मी गडद रंगाचा शर्ट घातला.

माझ्या शेजारच्या पट्टीवर बँकेत नोकरी करणारी एक तमिळ बाई खेळत होती. आम्ही सगळ्याच तिला अक्का म्हणायचो. थोराड बांधा, मोठं कुंकू, खेळताना कोणाशी बोलत नसे. सुरुवातीला माझा खेळ चांगला चालला होता. मग एकदा धाव घेऊन शेवटचं पाऊल टाकलं आणि ती सुटलेली कड लाकडात अडकली. पाय तिथेच थांबला आणि बाकीची मी पुढे गेले. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. अंगठा चेंडूच्या भोकात अडकला होता, तो मागे पिरगळला. तोंड फळीवर आपटलं, एक दात तुटला, आणि तेल लावलेल्या त्या चकचकीत लाकडावर माझं रक्त पसरायला लागलं.

बाबा प्रेक्षकांपुढचा कठडा ओलांडून आले. मला वाटलं उचलायला आले. त्यांनी माझ्या पायातला बूट खेचून काढला. गुडघा पिळला गेला आणि मी किंचाळले. त्यांनी सुटलेल्या तळाकडे पाहिलं आणि तोच बूट माझ्या तोंडावर मारला. मग पुन्हा. एवढी माणसं होती तिथे, पंच होते, खेळाडू होत्या, त्यांच्या घरची मंडळी होती. सगळी जागच्या जागी उभी होती.

अक्काने त्यांचं मनगट धरलं. बाबांनी तिलाही दुसऱ्या हाताने थोबाडीत मारली. ती एकेरीवर आली. तमिळमध्ये ‘नी’ म्हणजे तू. माझ्या बाबांना चेन्नईत कोणी बाई अशी बोलली नव्हती.

“नी तिला हात लावलास तर हात उपटून हातात देईन,” ती म्हणाली.

आणि तिने त्यांना ढकललं. चेंडू परत येतात त्या यंत्रावर ते आपटले आणि त्यांची भुवई फाटली. ते उठायला लागले तेव्हा तिने त्यांना खाली पाडलं आणि मारायला सुरुवात केली. मुठीने, तोंडावर, मानेवर, जिथे लागेल तिथे. तिच्या बांगड्या फुटून तिच्याच मनगटात घुसल्या तरी ती थांबेना. शेवटी तीन-चार जणांनी तिला ओढून बाजूला केलं. मी तोंडात रक्त घेऊन जमिनीवर पडले होते आणि मला एकच वाटत होतं, की त्यांनी तिला ओढू नये. गुडघ्यातल्या कळा मला जाणवत होत्या, पण त्याहून मोठ्याने ते वाटत होतं.

इस्पितळात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बाबा भुवईला टाके घालून बाहेर बाकावर बसले होते आणि येईल त्याला सांगत होते की मुलगी घसरून पडली. आई आली. माझ्या गालाकडे तिने बराच वेळ पाहिलं.

“पडून असं होत नाही. कशाने मारलं?” तिने विचारलं.

बुटाने, मी म्हणाले. बोलताना तुटलेल्या दाताला हवा लागून झिणझिण्या आल्या. तिने माझी चादर सारखी केली, आणि मला वाटलं, याही वेळी फक्त तेल लागणार.

घरी आल्यावर माझी खाट बाहेरच्या खोलीत टाकली होती. काही दिवस शांततेत गेले. मग एका संध्याकाळी बाबांनी वर्तमानपत्र पसरलं. बूट त्यांनी परत आणले होते. ते खाली बसून उरलेला तळ पकडीने उपटायला लागले आणि मला समजावू लागले की चूक तळाची नव्हती, मी टाच आधी उचलली होती, पाय बरा झाला की नव्याने सुरू करू. मी म्हणाले, मी आता खेळणार नाही. ते बूट हातात घेऊनच उठले.

आई केव्हा बाहेर आली ते मला कळलं नाही. तिने वर्तमानपत्रावरची हातोडी उचलली आणि त्यांच्या उगारलेल्या मनगटावर मारली. फार जोरात नाही, खिळा ठोकायला लागतो तेवढ्या जोराने. बूट पडला. बाबा ओरडले आणि मनगट पोटाशी धरून भिंतीला टेकले. मग डावा हात पुढे करून ते तिच्याकडे झेपावले, तेव्हा तिने तो हात चुकवला आणि दुसरा घाव त्यांच्या खांद्यावर घातला. ते खाली बसले. आईचा पदर सुटला होता, तो तिने आधी नीट केला.

“परत हात उचललात तर दुसराही मोडीन,” ती म्हणाली. तेव्हाही ती त्यांना अहो-जाहोच करत होती.

मनगट मोडलं होतं. कारखान्यात त्यांनी सांगितलं की न्हाणीघरात पाय घसरला. शाळेत मी वर्षानुवर्षं तेच सांगत आले होते.

मला कुबडीशिवाय चालता यायला लागलं तेव्हा आई आणि मी घर सोडलं. अक्काने एग्मोर स्टेशनच्या मागे तिच्या मावशीच्या घरात आम्हाला दोन खोल्या पाहून दिल्या. बाबांनी तक्रार केल्यामुळे आयोजकांनी अक्कावर वर्षभराची बंदी घातली होती. ते मला तिच्याकडून नाही, दुसऱ्याच एकीकडून कळलं. आई मुलांच्या हिंदीच्या शिकवण्या घेऊ लागली, मला एका कार्यालयात कारकुनाची नोकरी लागली. बाबा निवृत्त होऊन वरणगावला परत गेले, एकटेच.

खेळाकडे मी परत येईन असं वाटलं नव्हतं. अक्काची बंदी उठली त्या रविवारी ती मला नुसतं बघायला म्हणून घेऊन गेली. पिना पडल्याचा आवाज झाला आणि मी डोक्यावर हात धरून खाली वाकले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पॉपकॉर्न खात राहिली. पुढच्या वेळी मी भाड्याचे बूट घातले. कधीतरी स्वतःचे घेतले. मग त्यांचाही तळ झिजला.

पहिल्यांदा तळ बदलायला बसले तेव्हा सोल्यूशनचा डबा उघडला आणि न्हाणीघरात जाऊन ओकले. परत येऊन बसले. जुना तळ पकडीत धरून ओढला, तो सुटेना, तशी मी बूट पायाखाली दाबून दोन्ही हातांनी खेचला. कातडं फाटत आलं, चिंध्या झाल्या. एवढं फाडायची गरज नव्हती, जरा गरम केलं असतं तर अलगद निघालं असतं. पण मी फाडत राहिले, आणि मला बरं वाटत होतं. नवा तळ लावताना मात्र हात शांत होते. सोल्यूशन वाळायला पूर्ण वेळ दिला.

गेल्या दिवाळीत बाबांचा फोन आला. आवाज बारीक झाला आहे. तब्येतीचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं की मी अजून खेळते का. हो म्हटलं.

“तळ कोण लावतं?”

“मीच.”

“कडा आधी नीट घासून घेत जा. घाई करू नकोस.”

मनगट थंडीत दुखतं, असं ते पुढे म्हणाले, आणि फोन ठेवला. माझ्या पाठीवर, जिथे ब्रशचे दात लागले होते तिथे, घाम सुटला होता. आई चकल्या तळत होती. तिने झारा तसाच कढईवर धरून विचारलं, काय म्हणत होते. मी सगळं सांगितलं, मनगटाचंही.

तिने चकल्या परातीत काढल्या, गॅस बारीक केला.

“पुढच्या वेळी फोन आला की मला दे,” ती म्हणाली.