साडूभाऊंची मोटार आणि रोवण्याची दोरी
ब्रह्मपुरीपासून आलापल्लीपर्यंतचे सगळे रस्ते वाकडे असून फक्त आपली मोटार सरळ आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस जगात एकच, तो म्हणजे माझे थोरले साडू. मोटार माझ्या लग्नाच्याही आधीची. स्टिअरिंग अर्धं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसे, आणि खड्डा आला की पुढून भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज येई. "गाडी ठीक आहे साडूभाऊ, रस्ताच डावीकडे सरकून राह्यला," ते म्हणत. गेल्या पावसाळ्यात या सरकत्या रस्त्यानं त्यांना बायकोसकट थेट धानाच्या बांधीत नेऊन उतरवलं. बाई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, नवी साडी चिखलातून सावरत म्हणाल्या, "तुमची हे गाडी सरळ चालन तवाच बसीन मी. नाई तं माहेरी बसनं जाईन." आणि खरंच बसनं जाऊ लागल्या. साडू बिचारे बसच्या मागं मागं रिकामी मोटार हाकत, आणि थांबा आला की धावत जाऊन खिडकीतून बाईंना पाणी देत.

शेवटी त्यांनी हार मानली. अंगणात मोटार ठोकळ्यांवर चढली. बॉल जॉइंट, टाय रॉड, बुश, शॉकअप, झिजलेलं सगळं निघालं आणि नट-बोल्ट ओळीनं बाईंच्या सुपात विराजमान झाले. आठ दिवस घरचे तांदूळ पाखडायचे राहिले. नवं सामान बसलं, आता चाकं एका रेषेत आणायची. "मशीन कायले पाह्यजे? दोरीनं धान सरळ लागते, तं चाक काऊन नाई लागन?" म्हणत त्यांनी धानाच्या रोवण्याची, रोपं ओळीत लावायची दोरी काढली आणि मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणली. तीन दिवस ते दोरीपाशी ओणवे. जन्मभर ओळीत रोवणा केलेल्या बाई दारातून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. येऊन वाकल्या, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, "डावं चाक आत पाहून राह्यलं. जरासं बाहेर घ्या." साडूंनी पाना फिरवला. "आता?" "हं. आता लागलं."

दुसऱ्या दिवशी माहेरी जायला बाई पुढं बसल्या, मी मागं जीव मुठीत धरून. आलापल्लीच्या सागवनापर्यंत मोटार रेषेवरून तसूभर ढळली नाही. साडूंना स्टिअरिंगशी झटावं लागेना, त्यामुळे बाईंचं सगळं ऐकायला ते मोकळे होते, आणि वर्षभराचं साचलेलं बाई सांगत होत्या. माहेरचं कौलारू घर दिसलं तशा त्या एकदम हिरमुसल्या. "पोचलो बी? माह्यं तं अर्धं बोलणंच राह्यलं."

साडूंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "साडूभाऊ, एखादा नट ढिला करू का?"

मग दाराशी न थांबता त्यांनी मोटार तशीच पुढं सिरोंच्याच्या रस्त्याला काढली. बाई पुन्हा बोलू लागल्या. मला त्या दोघांचा फार हेवा वाटला, आणि मी मागं डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.